फावड्याच्या दांड्याचा एक फटका: ३०२ की ३०४? डिचोली तालुक्यातलं एक प्रकरण

गावाचं नाव देत नाही, माणसांची तर नाहीच. जो गेला त्याला आपण अण्णा म्हणू, ज्याच्या हातून फटका बसला तो दादा, आणि दादाचा धाकटा भाऊ बाबू. अण्णा या दोघांचे चुलतभाऊ, तिघंही एकाच आजोबांची नातवंडं, एका जुन्या घराच्या दोन बाजूंना राहणारी. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत, पण कलमं, कागद आणि कोर्टात जे मुद्दे लढले गेले ते तसेच ठेवलेत. आयपीसी म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता; तिच्यात ३०२ म्हणजे खून, ३०४ म्हणजे खून न ठरणारा सदोष मनुष्यवध. मी दादाच्या वकिलांच्या ऑफिसात या केसचे कागद हाताळत होतो, त्यामुळे माझा कल कुठे असणार ते ओळखूनच वाचा.

पार्श्वभूमी

घर आजोबांच्या नावावर, वाटणी कधी झालीच नाही. इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया) करायची करायची म्हणत दोन पिढ्या गेल्या, गोव्यात हे काही नवीन नाही. अण्णांचा भाग वरच्या अंगाला, दादा-बाबूंचा खालच्या. मधून एक उघडं गटार, पावसाळ्यात डोंगराचं सगळं पाणी त्यातून खाली जातं. दादाचा ट्रक खाणीवर होता, २०१८ मध्ये खाणी बंद झाल्यावर तो ट्रक अंगणातच उभा राहिला, कर्ज डोक्यावर, आणि अण्णांचं म्हणणं की ट्रकमुळे गटाराची कड खचली. दादाचं म्हणणं की अण्णा मुद्दाम चिरे टाकून पाणी आमच्या स्वयंपाकघराकडे वळवतात. दोन वर्षं हे चाललं होतं. पंचायतीत अर्ज गेला, पंच येऊन बघून गेले, चहा पिऊन गेले, पुढे काही नाही. पोलिसांत एकमेकांविरुद्ध एकेक एनसी (अदखलपात्र तक्रार) होती, शिवीगाळीची.

या एनसी पुढे फार महाग पडल्या. सरकारी बाजूने त्यांनाच 'जुनं वैर' म्हणून उभं केलं.

त्या रात्री काय झालं

२८ जून २०२४, शुक्रवार. रात्री साडेआठच्या सुमाराला धो धो पाऊस, लाईट गेलेली. दादाच्या स्वयंपाकघरात घोटाभर पाणी आलं, म्हणून तो आणि बाबू मोबाईलच्या टॉर्चवर गटार मोकळं करायला बाहेर पडले. गटारात चार-पाच चिरे आडवे घातलेले. दादा फावड्याने माती ओढतोय, बाबू चिरे काढून बाजूला टाकतोय, तेवढ्यात अण्णा बाहेर आले, चिऱ्याला हात लावू नको म्हणाले, बाबूला धक्का दिला, बाबूने उलट दिला, आणि अण्णांनी बाबूच्या शर्टाची कॉलर मानेजवळ आवळून धरली. फावड्याचं पातं दांड्यातून आधीच सैल होतं, चिखलात रुतून निसटलं, दादाच्या हातात नुसता दांडा राहिला. त्याने तो एकदा फिरवला. डाव्या कानशिलाच्या वर लागला. अण्णा मागे पडले ते चिऱ्यांच्या ढिगावर, डोक्याची मागची बाजू आपटली.

म्हणजे डोक्यावर जखमा दोन. एक दांड्याची, एक चिऱ्याची. अख्खी केस पुढे या दोन जखमांच्या मध्ये फिरत राहिली.

अण्णा उठून बसले, शिव्या दिल्या, चालत घरी गेले. वहिनींनी हळद लावली. दोन-अडीच तास ते बोलत होते, मग उलटी झाली, झोप यायला लागली, घोरायला लागले. डोक्याला मार लागल्यावर असं होतं, माणूस आधी बरा वाटतो आणि आत कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचत जातं. घरच्यांना वाटलं झोप लागली. १०८ ला फोन केला तो बाबूने, स्वतःच्या मोबाईलवरून, सव्वाअकराला. हा फोन लक्षात ठेवा.

हॉस्पिटलमधला पहिला कागद

आधी तालुक्याच्या आरोग्य केंद्रात, तिथून लगेच बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात). आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं: पाय घसरून पडल्याने डोक्याला मार. हे सांगितलं अण्णांच्या मुलाने. अँब्युलन्समध्ये बाबूही होता आणि दोघांचं वाटेत ठरलं होतं की घरचं भांडण आहे, पोलिस केस कशाला, पडले म्हणून सांगू. त्या घडीला माणूस जाईल असं कोणाच्याच मनात नव्हतं.

पहाटे गोमेकॉत ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले सीरियस आहे, तेव्हा मुलगा बाहेर येऊन बाबूला म्हणाला, "काका, आता मी गप्प बसणार नाही." सकाळी जाऊन त्याने पोलिसांत तक्रार दिली. गोमेकॉच्या कागदावर मग मारहाणीची नोंद आली. एका जखमेचे दोन कागद, दोन वेगळ्या गोष्टी सांगणारे, सहा तासांच्या अंतराने.

कलमांचा पहिला घोळ

२९ तारखेला एफआयआर नोंदला गेला तो आयपीसी ३२५ (जबर दुखापत), ५०४ (चिथावणीसाठी अपमान) आणि ३४ (समान इरादा) खाली. ३२५ जामीनपात्र आहे, त्यामुळे दादा आणि बाबू दोघांना त्याच दिवशी पोलिस स्थानकातूनच जामीन मिळाला. ३ जुलैला सकाळी अण्णा गेले.

आता गंमत बघा. मधल्या काळात १ जुलै आला आणि आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता (बीएनएस) लागू झाली. मृत्यू नव्या कायद्यात, फटका जुन्या कायद्यात. तपास अधिकाऱ्याने सरळ बीएनएस कलम १०३ लावलं, खुनाचं नवं कलम. वकिलांनी दुसऱ्याच दिवशी लेखी हरकत घेतली: संविधानाच्या अनुच्छेद २०(१) प्रमाणे माणसाला कृत्य केलं त्या वेळी जो कायदा चालू होता त्याखालीच दोषी धरता येतं, आणि कृत्य म्हणजे फटका, तो २८ जूनचा. तपासही १ जुलैच्या आधी सुरू झालेला, त्यामुळे बीएनएसएस, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, त्याच्या कलम ५३१ प्रमाणे तो सीआरपीसीनेच, म्हणजे प्रक्रियेच्या जुन्या कायद्यानेच पुढे चालायचा. आठवड्याभरात पोलिसांनी कोर्टाला कळवून कलम ३०२ केलं.

हा नुसता आकड्यांचा वाद वाटेल पण नाही. आयपीसी ३०४ च्या पहिल्या भागात जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत, किमान शिक्षा काही नाही. बीएनएस १०५ मध्ये त्याच गोष्टीला किमान पाच वर्षं आहेत. आणि ३०४ च्या दुसऱ्या भागात आधी नुसत्या दंडावरही सोडता यायचं, ती सोय नव्या कलमात नाही, कैद आणि दंड दोन्ही. म्हणजे तीन दिवस इकडे-तिकडे झाले असते तर शिक्षेचं गणितच बदललं असतं. जामिनाच्या अर्जावर मात्र जुनं कलम लिहायचं की नवं यावर वकिलांतच दोन मतं होती, शेवटी कारकुनाने सांगितलं दोन्ही लिहा, आणि दोन्ही लिहिली.

पहिला निर्णय: हजर व्हायचं की लांब जायचं

अण्णा गेल्याची बातमी आली त्या दुपारी दादाच्या घरी सगळे जमले. मामा म्हणाले, "चार दिवस दोडामार्गला आत्याकडे जाऊन राहा, इथलं जरा निवू दे." पर्याय तसे तीन होते. एक, मामा म्हणतात ते. दोन, अटकपूर्व जामीन टाकायचा. तीन, सरळ हजर व्हायचं.

आधीचा जामीन ३२५ चा होता, आता ३०२ वाढलं, मग तो जामीन आपोआप रद्द होतो का? सुप्रीम कोर्टाने प्रदीप राम विरुद्ध झारखंड (२०१९) मध्ये सांगितलंय की नवं गंभीर कलम वाढलं तर आरोपीने त्या कलमासाठी हजर होऊन जामीन मागावा, नाहीतर पोलिस कोर्टाचा आदेश घेऊन अटक करू शकतात. अटकपूर्व जामीन कायद्याने मागता येतो पण ३०२ मध्ये, माणूस आज गेलाय, चिता अजून पेटायची आहे, अशा वेळी मिळण्याची आशा शून्याच्या जवळ, आणि एकदा फेटाळला की त्या ऑर्डरमधली वाक्यं पुढच्या प्रत्येक अर्जाला चिकटतात. पळून जाणं तर सगळ्यात वाईट. पळाला म्हणून कोणी दोषी ठरत नाही, पण जामिनाच्या वेळी सरकारी वकिलाला दुसरा मुद्दाच लागत नाही.

४ जुलैला दोघं वकिलांबरोबर जाऊन हजर झाले. मामा रुसले ते निकालापर्यंत.

पोलिस कोठडी आणि दांडा

कोठडीत दादाने सगळं सांगितलं, "मीच मारला" वगैरे. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही (एव्हिडन्स ॲक्ट कलम २५), पण कलम २७ खाली आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. म्हणून दांडा "काढून दिल्याचा" पंचनामा झाला. प्रत्यक्षात दांडा पहिल्या दिवसापासून अंगणात ट्रकच्या चाकाला टेकून उभा होता, अख्ख्या वाड्याने (वस्तीने) बघितलेला, त्यावर सहा दिवसांचा पाऊस पडून गेलेला. वेर्ण्याच्या फॉरेन्सिक लॅबचा रिपोर्ट आला, रक्त आढळलं नाही. जी वस्तू सगळ्यांना दिसत होती ती 'शोधली' कशी म्हणायची? कोर्टाने या जप्तीला काही किंमत दिली नाही.

पण आमच्या बाजूने दांड्यापेक्षा महत्त्वाचं होतं ते निसटलेलं पातं. शेजारच्या मुलाने २९ ला सकाळी गटाराचा फोटो काढला होता, वाड्याच्या ग्रुपवर टाकायला, त्यात चिखलात रुतलेलं पातं आणि बाजूला काढून ठेवलेले चिरे स्वच्छ दिसतात. म्हणजे दांडा मारायला आणलेलं हत्यार नव्हता, कामाला घेतलेलं फावडं होतं. स्पॉट पंचनाम्यात पात्याचा उल्लेखच नाही! वकिलांनी त्या मुलाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, फोन विकू नको, फॉरमॅट मारू नको. फॉरवर्ड झालेल्या फोटोला एव्हिडन्स ॲक्टच्या ६५-ब चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) सर्टिफिकेट लागतं, अर्जुन पंडितराव खोतकर (२०२०) निकालानंतर त्यात पळवाट राहिलेली नाही, मूळ फोनच कोर्टात आणला तर ती कटकट वाचते. मुलगा फोन घेऊन साक्षीला आला.

फिर्यादीच्या बाजूचा निर्णय

अण्णांच्या मुलाबद्दल मला राग नाही, त्याचा बाप गेलाय. पण त्याने ५ जुलैच्या पुरवणी जबाबात दादाच्या बायकोचं आणि बाबूच्या मेहुण्याचंही नाव घातलं, दोघांनी अण्णांना धरून ठेवलं म्हणून. एफआयआरमध्ये ती नावं नव्हती, गोमेकॉच्या कागदावर नव्हती. पोलिसांनी त्या दोघांना चार्जशीटमधून वगळलं, आणि उलटतपासणीत हीच वाढीव नावं मुलाच्या बाकी साक्षीवर शिंतोडे उडवून गेली. कोणीतरी त्याला सांगितलं असणार की जितके जास्त तितकी केस घट्ट. माझ्या बघण्यात तरी हे कधी खरं झालेलं नाही.

समेट, कमी कलम आणि बाकी पर्याय

चार्जशीट ८६ व्या दिवशी आली. ९० दिवस उलटले असते तर आपोआप जामिनाचा हक्क मिळाला असता, पोलिसांना ते चांगलं माहीत असतं. सत्र न्यायालयाने दादाचा जामीन फेटाळला होता, बाबूला दिला. चार्जशीटनंतर हायकोर्टाने पर्वरीत दादालाही दिला, तालुक्यात पाय ठेवायचा नाही या अटीवर. तोवर पाच महिने कोलवाळच्या तुरुंगात गेले होते.

या काळात गावातल्या चार मोठ्या माणसांनी समेट घडवायचा प्रयत्न केला. वरची जागा अण्णांच्या मुलाला लिहून द्यायची, त्याने साक्ष सौम्य द्यायची. भावना चांगली असेल, पण ३०२ आणि ३०४ ही दोन्ही कलमं आपसात मिटवता येत नाहीत, खुनासारखी केस समेटावर हायकोर्टही रद्द करत नाही, आणि साक्ष बदलायला जमीन देणं हा स्वतंत्र गुन्हा होतो. वकिलांनी दादाच्या बायकोला समोर बसवून हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आम्ही त्यांना काहीच द्यायचं नाही का?" त्याचं उत्तर असं की वाटणीचा दावा वेगळा, तिथे हवं ते द्या, पण या केसशी त्याचा धागा जोडू नका. प्ली बार्गेनिंगही (गुन्हा कबूल करून कमी शिक्षा मागणं) नाही, ते सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांनाच.

मग प्रश्न आला बचाव कुठला घ्यायचा. इथे मी जरा थांबतो कारण सगळी केस इथे ठरली.

घरच्यांना हवं होतं: "अण्णा घसरून पडले, आम्ही हातच लावला नाही." हाताशी आरोग्य केंद्राचा कागद होता, सरळ लिहिलेलं, पाय घसरून. मोह व्हावा असा कागद. पण तो कागद मुलाने सांगितलेल्या माहितीवर होता, अण्णांच्या स्वतःच्या तोंडचा नव्हता, आणि सांगताना बाबू शेजारी उभा. सरकारी वकील एका वाक्यात तो उलटवणार होते, आरोपीनेच पढवलं म्हणून. शिवाय कानशिलावरची जखम चिऱ्यावर मागे पडून कशी होईल?

दुसरा पर्याय स्वसंरक्षण, म्हणजे बाबूची मान सोडवायला मारलं. आयपीसी १०० प्रमाणे जीव जाईपर्यंतचा बचाव तेव्हाच, जेव्हा समोरून मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असते. अण्णा निःशस्त्र, वय बावन्न, कॉलर धरलेली. सिद्ध करायचा भार आरोपीवर, फक्त तराजू आपल्या बाजूला थोडा झुकला तरी पुरतो, पण तेवढाही झुकेल असं वकिलांना वाटेना.

तिसरा, कलम ३०० (खुनाची व्याख्या) चा चौथा अपवाद: अचानक भांडण, आधीचा बेत नाही, रागाच्या भरात, आणि आरोपीने गैरफायदा घेतला नाही की क्रूरपणा केला नाही. चारही गोष्टी लागतात.

चौथा, आणि हा बहुतेक लोकांच्या लक्षात येत नाही: अपवादाकडे जायच्या आधीच म्हणायचं की हे कृत्य ३०० च्या व्याख्येत बसतच नाही. ३०४ पर्यंत पोचायला दोन वाटा आहेत. एक, खुनाच्या व्याख्येत बसतं पण अपवादामुळे खाली येतं. दुसरी, मुळातच इरादा नव्हता, फक्त 'याने जीव जाऊ शकतो' एवढी जाणीव धरता येते. दुसऱ्या वाटेने गेलं तर ३०४ चा दुसरा भाग.

वकिलांनी ठरवलं की फटका मान्य करायचा. मुख्य मुद्दा वरचा चौथा पर्याय, आधाराला तिसरा. घसरून पडल्याची गोष्ट सोडून द्यायची. दादाची बायको दोन दिवस बोलली नाही. पण "मारलंच नाही" आणि "मारलं पण रागाच्या भरात" ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून आली की जज दोन्हींवर विश्वास ठेवत नाहीत, हे मी बऱ्याच केसमध्ये बघितलंय.

खटला

मेरशीच्या कोर्टात आरोप ठेवला गेला तो ३०२ आणि ३४ चाच. बाबूचा डिस्चार्ज अर्ज (खटल्याआधीच आरोपातून सोडा असा) फेटाळला. हायकोर्टात रिव्हिजन (त्या आदेशाची फेरतपासणी) करायची का यावर चर्चा झाली आणि नाही असं ठरलं, कारण आरोप ३०२ चा असला तरी पुराव्यावर कमी गुन्ह्यात शिक्षा देता येते (सीआरपीसी २२२), मग रिव्हिजनमध्ये वर्ष घालवून हायकोर्टाची एखादी उलटी टिप्पणी का ओढवून घ्या.

साक्षीदारांमधल्या दोन साक्षी सांगण्यासारख्या.

पहिली शेजारच्या काकींची. त्यांनी पोलिसांना सांगितलं होतं की बाबू "मार, मार त्याला" म्हणून ओरडला. कलम ३४, म्हणजे समान इरादा, सगळा या तीन शब्दांवर उभा. उलटतपासणीत वकिलांनी बाबूचं नावच काढलं नाही आधी, त्यांच्या पडवीबद्दल विचारलं, छप्पर पत्र्याचं ना, हो, त्या रात्री पाऊस पत्र्यावर वाजत होता ना, हो खूप, लाईट होती का, नव्हती, मग शेजारच्या खोलीतल्या नातीला हाक मारायला किती मोठ्याने ओरडावं लागलं? काकी हसल्या. मग म्हणाल्या, "ओरडला ते खरं, पण 'मार' म्हणाला का 'सोड' म्हणाला ते आता देवाशपथ सांगता येणार नाही." कॉलर आवळलेला माणूस "सोड" म्हणण्याचीच शक्यता जास्त, हे सांगायची गरजही पडली नाही.

दुसरी पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांची. मुख्य तपासात त्यांनी सांगितलं की डाव्या कानशिलाच्या हाडाला तडा, खाली रक्ताची गाठ, ही जखम सर्वसाधारणपणे मृत्यूला पुरेशी. हे वाक्य ३०० च्या तिसऱ्या खंडासाठीच (मृत्यूला पुरेशी जखम करण्याचा इरादा) विचारलं जातं. बाहेर सगळे म्हणतात "एकच वार होता, ३०२ लागूच शकत नाही", ते साफ चूक आहे. विरसा सिंग (१९५८) मध्ये भाल्याचा एकच घाव होता आणि खून सिद्ध झाला. त्या निकालाप्रमाणे आरोपीला मारण्याचा इरादा होता का हे नाही बघायचं, ती विशिष्ट जखम करण्याचा इरादा होता का ते बघायचं, आणि ती जखम पुरेशी होती का ते डॉक्टर सांगतात.

म्हणून क्रॉस (उलटतपास) डॉक्टरांना खोटं पाडायला नव्हता. मागे आपटल्याची जखम आहे ना? आहे. मागे आपटलं की मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसतो, तो इथे दिसतो का? हो, पुढच्या दोन्ही बाजूंना आहे. कानशिलाचं हाड कवटीत पातळ असतं ना? हो, पातळच. मग दोन्ही जखमांमधून मृत्यूला कारण किती कुठली हे वेगळं सांगता येईल? डॉक्टरांनी जरा विचार केला आणि म्हणाले, एकत्रित परिणाम, वेगळं काढणं कठीण. प्रामाणिक माणूस. फटका जीवघेणा होता हे त्यांनी कुठेही सोडलं नाही, पण 'हीच जखम करायची होती' ही कडी तिथे ढिली झाली.

वाड्यातला एक मुद्दा सगळ्यांना पाठ होता: वेळेवर बांबोळीला नेलं असतं तर वाचले असते, मग खून कसला? तो बचाव वकिलांनी घेतलाच नाही, कारण कायद्यात त्याचं उत्तर लिहूनच ठेवलंय. आयपीसी २९९ चं दुसरं स्पष्टीकरण (आता बीएनएस १००) म्हणतं की योग्य उपचाराने मृत्यू टळला असता तरी जखम करणाऱ्यानेच मृत्यू घडवला असं धरायचं. उलट हा मुद्दा काढला असता तर हळद लावत बसलेल्या वहिनींवर बोट जातं आणि कोर्टात सहानुभूती जाते.

कलम ३१३ च्या वेळी, म्हणजे कोर्ट आरोपीचं म्हणणं विचारतं तेव्हा, दादाने लेखी निवेदन दिलं, दीड पान. गटार, फावडं, पातं निसटलं, भावाची मान, एकदा फिरवला, मग बाबूला १०८ ला फोन करायला सांगितलं. बाबूच्या नंबरचा कॉल रेकॉर्ड होताच. ज्याला जीव घ्यायचा असतो तो ॲम्ब्युलन्स बोलावत नाही, निदान सहसा तरी नाही.

निकाल

घटनेपासून साधारण पावणेदोन वर्षांनी निकाल लागला. बाबू निर्दोष, समान इरादा सिद्ध नाही. दादा ३०२ मधून सुटला, ३०४ च्या दुसऱ्या भागात दोषी. पाच वर्षं सक्तमजुरी, दंड, आणि दंडातली बहुतेक रक्कम अण्णांच्या पत्नीला भरपाई म्हणून. तुरुंगातले पाच महिने शिक्षेतून वजा.

न्यायाधीशांनी पुलिचेर्ला नागराजू (२००६) मधली यादी घेऊन एकेक गोष्ट तपासली: हत्यार आणलं की हातात होतं, फटके किती, अवयव कुठला, आधीचं वैर, भांडण अचानक की ठरवून, नंतरचं वागणं. वैर होतं हे मानलं, पण गटाराच्या भांडणावरून खुनाचा बेत दिसत नाही असं म्हटलं. मग आपल्याच गोव्याची केस, कामिलो वाझ विरुद्ध गोवा राज्य (२०००), जिथे सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की डोक्यासारख्या नाजूक जागी जीव जाईल एवढ्या जोराने दांडा मारला तर जाणीव धरावीच लागते, आणि ते ३०४ च्या दुसऱ्या भागात येतं. आमच्या वकिलांनी हीच केस दिली होती. ती आम्हाला ३०२ मधून बाहेर काढणारी, आणि त्याच वेळी नुसत्या दुखापतीच्या कलमापर्यंत खाली येऊ न देणारी. ३२५ वर सुटण्याची जी थोडी आशा घरच्यांनी धरली होती ती तिथे संपली.

दादाचं अपील हायकोर्टात आहे, शिक्षा स्थगित करून जामीन मिळालाय. अण्णांच्या मुलानेही अपील केलंय, कमी कलमात शिक्षा झाली म्हणून. सीआरपीसी ३७२ च्या परंतुकाने पीडिताच्या घरच्यांना तो हक्क आहे, आणि त्याने तो वापरू नये असं म्हणायचं मला काही कारण दिसत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

अँब्युलन्समधला तो समझोता दोन्ही बाजूंना नडला. मुलाने डॉक्टरांना खरं सांगितलं असतं तर त्याच्या साक्षीला पहिल्या दिवसापासून धार राहिली असती. बाबूने गप्प राहून नुसतं १०८ बोलावलं असतं तर त्या फोनचं वजन दुप्पट झालं असतं, सरकारी वकिलांना "आधी फोन, मग पढवलं" असं म्हणता आलं नसतं.

पोलिसांनी २९ तारखेलाच स्पॉट पंचनामा करायला हवा होता. केला ३० ला, पाऊस आणखी एक दिवस पडल्यावर, आणि पातं सोडून. हे चुकून आमच्या फायद्याचं ठरलं, उलटही ठरू शकलं असतं, शेजारच्या मुलाने फोटो काढला नसता तर दांडा हा दांडाच राहिला असता आणि 'घरातून हत्यार घेऊन आला' ही गोष्ट कोणी खोडली असती?

बाबूचा डिस्चार्ज फेटाळल्यावर फक्त त्याच्यापुरती रिव्हिजन करायला हवी होती असं मला अजून वाटतं. दादासाठी ती जोखीम होती हे मान्य, पण बाबूवर मधला सव्वा वर्षाचा ३०२ चा आरोप राहिला, त्यात त्याची शिपवरची नोकरी गेली. ऑफिसात यावर मतभेद होते. वकिलांचं म्हणणं, दोघा भावांच्या बाजू वेगळ्या दिसायला लागल्या असत्या तर "मार की सोड" चा मुद्दा एकमेकांवर ढकलल्यासारखा वाटला असता. असेलही.

आणि गटार. दोन वर्षं पंचायतीत अर्ज धरून बसण्याऐवजी पाण्याच्या वापराच्या वादासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे सीआरपीसी १४७ खाली जाता आलं असतं (आता बीएनएसएस १६६), नाहीतर दिवाणी कोर्टात मनाईहुकूम. खर्च झाला असता काही हजार. आता इन्व्हेंटरी दाखल झालीय, अण्णांच्या मुलानेच केली, आणि त्यात त्या गटाराची मोजणी पहिल्यांदा सर्व्हेयरने कागदावर घेतलीय. ते पूर्ण सामाईक जागेत निघालं.